बूट घालून स्वयंपाकघरात

आमच्या शेजारच्या स्वामिनाथ रावांनी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका माणसाला बूट काढायला लावण्यात आख्खा आठवडा घालवला. माणूस एका खेळातला होता. दिसायला परदेशी, अंगात लांब कोट, पायात घोट्यापर्यंत बूट. तो दार उघडून घरात शिरायचा आणि बुटांसकट तरातरा आत चालू लागायचा. राव त्याला ओढून परत दाराशी उभा करत आणि कीबोर्डवरची सगळी बटणं एकेक करून दाबून पाहत. बूट काही निघत नव्हते. शेवटी त्यांनी माझी बेल वाजवली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही बँकेंत आहांत. ह्याचे बूट कुठें निघतात, सांगा."

बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला जगातली सगळी यंत्रं चालवता येतात, असा त्यांचा समज आहे. मी मूळची सांगलीची. बदली झाली म्हणून चेन्नईला आले, नुंगंबाक्कमच्या शाखेत बसते आणि मैलापूरला एकटी राहते. नवरा सांगलीतच कॉलेजात शिकवतो. आमच्या मजल्यावर दोनच दारं, एक माझं आणि एक त्यांचं. गल्लीतली सगळी माणसं त्यांना 'राव सार' म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

राव सारांचं घराणं तंजावरच्या मराठी लोकांपैकी, कैक पिढ्या तिकडचं. पहिल्या भेटीत मी हौसेने मराठीत बोलायला लागले, तर त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची मराठी नवी दिसते. परवा नाहीं. राहाल तशी सुधारेल." त्यानंतर मी कितीतरी दिवस त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होते.

ते संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. आयुष्यभर लोखंडाचे तुकडे मोजले आणि प्रत्येकावर शिक्का मारला. पास, रिवर्क, नाहीतर रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, शिक्के सुटले नाहीत. सकाळचा वडा, इस्त्रीवाल्याची इस्त्री, नवा वॉचमन, सगळ्यांची तपासणी होते. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, इथे गाण्याच्या सभांचा मोसम असतो, तेव्हा एका मोठ्या गायिकेचं गाणं ऐकून ते परतत होते. मी जिन्यात विचारलं, "कसं झालं?" दोन पायऱ्या चढून ते म्हणाले, "रिवर्क." माझ्या पोह्यांनाही त्यांनी रिवर्क दिलं होतं, आणि मी ते विसरलेले नाही.

आणखी एक गोष्ट मला आल्याआल्याच खटकली होती. चेन्नईत माणसं भेटली की आधी "साप्टींगळा?" असं विचारतात. म्हणजे जेवलात का. भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, बँकेत भांडायला आलेला माणूससुद्धा आधी हे विचारतो आणि मग भांडतो. राव सार हा प्रश्न कोणालाही विचारत नाहीत, आणि त्यांना विचारला तर उत्तर देत नाहीत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "वेळ झाली, ताट आलें, जेवण झालें. ह्यांत विचारायचें काय?"

त्यांची बायको मी येण्याच्या थोडं आधी गेली. तिचं नाव ते घेत नाहीत, 'सगुणाची आई' म्हणतात. आता दोन वेळचा डबा मागच्या गल्लीतल्या एका मामींकडून येतो. कॉफीचं फिल्टर, विजेची किटली, साखरेची बरणी हे सगळं बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडलेलं असतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. "तिथें मडी असायची," असं त्यांनी एकदा सांगितलं. मडी म्हणजे सोवळं. हे कारखान्यातून येणार तेलाचे हात आणि दोन बसगाड्यांची धूळ घेऊन, तेव्हा त्यांनी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ताट बाहेर येईल, असा नियम होता. बायको गेली, सोवळं गेलं, नियम राहिला. एकट्या पुरुषाचं घर असंच असायचं, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही.

तर हा खेळ. तो त्यांच्या मुलीने केलेला होता. सगुणा, एकुलती एक, जर्मनीत खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत असते. आई गेल्यावर बापलेकीत काहीतरी मोडलं. भांडण झालं म्हणावं, तर राव सारांना भांडणातलं एक वाक्य आठवत नव्हतं. तिचे फोन बंद झाले. कधीतरी संदेश यायचा, गोळ्या घेता का, विजेचं बिल भरलं का. मग एक दिवस तिची मैत्रीण हा लॅपटॉप देऊन गेली. त्यात एकच खेळ होता आणि सोबत निरोप: "अप्पा, हा मी केला आहे. कोणाची मदत न घेता शेवटपर्यंत खेळा. संपला कीं फोन करा, मग बोलूं."

म्हणजे हे कोडं सुटेपर्यंत या सत्तरीच्या माणसाला मुलीचा आवाज ऐकायला मिळणार नव्हता. ते रोज संध्याकाळी, कामावर बसावं तसे, शर्ट घालून त्या लॅपटॉपसमोर बसत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "राव सार, संपला म्हणून सांगून टाका ना. तिला काय कळतंय?"

"अय्यो! तपासल्याशिवाय शिक्का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या दिवसापासून माझ्या बँकेबद्दलही त्यांना शंका असावी.

मदत घ्यायची नव्हती, पण शेजारी कोणी बसायला मुलीची हरकत नसावी, असा अर्थ त्यांनी काढला. मला बसवलं. खेळ सुरू होताच पडद्यावर सूचना आली, की हा खेळ फक्त प्रौढांसाठी आहे. राव सार उठले. बाल्कनीचं दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि मला विचारलं, "तुम्ही अठराच्या वर आहांत ना?"

मी बेचाळीस वर्षांची आहे. मी हो म्हटलं.

"सरि, ठीक आहे. मग बसा. पण पुढचें दार उघडें राहूं दे."

मीही जरा सावरून बसले. पण त्यात प्रौढांसाठी म्हणून होतं ते एवढंच, की एक नवरा आणि एक बायको एका घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

आपल्या लहानपणी आकड्यांच्या चौकोनांचं प्लॅस्टिकचं खेळणं असायचं. एक घर रिकामं, बाकीचे चौकोन सरकवून आकडे ओळीत लावायचे. हा खेळ तसाच, फक्त चौकोनांच्या जागी खोल्या. छप्पर काढून वरून पाहावं तसं घर दिसतं. खोल्या आपण सरकवायच्या, नवरा आपण चालवायचा. बायको तिच्या मनाने फिरते. रात्र व्हायच्या आत दोघं एका खोलीत आली, की तो दिवस सुटला. नाही आली, तर सकाळची घंटा वाजते आणि तोच दिवस पुन्हा सुरू होतो. जसजसं पुढे जावं तशा घरातल्या खोल्या कमी होतात. एका दिवशी बायको सुटकेस भरते आणि पुन्हा रिकामी करते. एका दिवशी ती बाल्कनीत फोनवर कोणाशीतरी खूप हसते आणि नवरा काचेतून बघत राहतो. बघून झालं की बाटली घेऊन बसतो. मी त्या दोघांकडे बघत बसायचे. राव सारांना बुटांचं पडलेलं.

जिथे हा खेळ विकला जातो तिथे लोक आपापली मतं लिहितात, हे त्यांना कळलं, आणि त्यांच्या आयुष्याला पुन्हा कामाचं स्वरूप आलं. कोणी लिहिलं होतं, खेळून रडलो. कोणी लिहिलं होतं, आईवडिलांना फोन केला. त्यांच्याखाली राव सारांचं इंग्रजीतलं मत: 'पादत्राणे काढण्याची सोय नाही. रिवर्क.' त्यावर कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांनी हसरे चेहरे टाकले. राव सारांनी दुसऱ्या दिवशी पुढचं मत दिलं.

त्यांची मतं थांबेनात. बाटली त्यांना मुळीच मान्य नव्हती. "हा माणूस पिणारा नव्हे. तोंड पाहून कळतें. ताक देतां आलें असतें." एकदा म्हणाले, स्वयंपाकघर चुकीच्या बाजूला आहे, डाव्या हाताला पाहिजे. एकदा त्या बायकोच्या खुर्चीवर त्यांनी बोट ठेवलं. "ती ह्या खुर्चीवर बसायची नाहीं. इथून रस्ता दिसत नाहीं."

"तुम्हाला हो काय माहीत?" मी विचारलं.

"मज काय माहीत. परदेशांतलें घर. आपलें सांगितलें."

मी मान वर केली. त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर डाव्या हाताला होतं. बाल्कनीत वेताची एक खुर्ची होती आणि तिचं तोंड रस्त्याकडे होतं. बँकेत रोज सह्या ताडून पाहणाऱ्या बाईला हे कळायला इतके दिवस लागले, याची मला लाज वाटली. मी पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

खेळात मात्र ते मुळीच कच्चे नव्हते. त्यातला सोपा रस्ता बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून जायचा. राव सारांनी त्या माणसाला एकदाही तिथून नेलं नाही. "बूट आहेत," म्हणायचे, आणि सगळं घर इकडून तिकडे सरकवून, बाहेरून लांबचा वळसा घालून कोडं सोडवायचे. तो वळसा घालताना कपाळावर घाम यायचा, पण दिवस सुटायचा. खेळ करणाऱ्या सगुणालाही हे रस्ते माहीत नसतील.

असं करत करत ते शेवटच्या दिवसाशी आले आणि तिथे गाडी अडली.

शेवटच्या दिवशी घरात दोनच खोल्या उरतात. एक जेवणाच्या टेबलाची आणि एक स्वयंपाकघर. टेबलाची खोली सरकते, स्वयंपाकघर सरकत नाही. बायको आत असते, दार लोटलेलं असतं. राव सारांनी टेबल दाराच्या उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, अगदी दारासमोर आणलं, आणि त्या माणसाला खुर्चीवर बसवून ठेवलं. "येईल," ते म्हणाले. "ताट घेऊन येईल." रात्र झाली. घंटा वाजली. तोच दिवस पुन्हा.

हे कितीदा तरी पाहिल्यावर माझा धीर सुटला. मी ओरडलेच, "अहो, त्याला आत न्या की!"

"बूट आहेत."

"ते निघत नाहीत हे आता दिसलंय ना?"

"मग जातां येत नाहीं."

"तुमच्या मुलीशी बोलायचंय का नाही तुम्हाला?"

हे बोलायला नको होतं. राव सारांनी लॅपटॉप मिटला. "तुमच्या सांगलीस चालत असेल," म्हणाले आणि डब्याची पिशवी घ्यायला खाली निघून गेले. डबा यायला अजून तासभर होता.

मग त्यांची बेल वाजेनाशी झाली. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, एवढंच. पण मधल्या भिंतीतून मला रोज संध्याकाळी त्या खेळातली सकाळची घंटा ऐकू यायची. थोडा वेळ जायचा आणि पुन्हा घंटा. बाहेर मंदिरात दीपाराधना व्हायची, खाली सायकलवर मल्लीचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे विकणारा ओरडत जायचा, आणि भिंतीपलीकडे हा माणूस त्या दुसऱ्या माणसाला टेबलापाशी बसवून ठेवत होता.

एका दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती. दुपारी मी जेवत होते, तेवढ्यात बेल वाजली. ताट हातात घेऊनच मी दार उघडलं. राव सार होते. माझ्या हातातलं ताट बघताच त्यांनी मान जिन्याकडे वळवली.

"जेवतां आहांत. मी मागून येतों."

मला अजून त्यांचा राग होता आणि भूकही लागली होती. "या, बसा," मी म्हटलं. "मी जेवता जेवता ऐकते."

ते आत आले आणि माझ्या कॅलेंडरकडे तोंड करून बसले. त्यांच्या चार्जरची वायर सैल झाली होती, तेवढं विचारायला आले होते. मी सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. काम झालं होतं, पण ते उठले नाहीत. हळूहळू मान माझ्याकडे वळली. मी भात कालवत होते. ते बघत राहिले, अगदी टक लावून, कारखान्यात नवीन आलेला नग बघावा तसे.

"आता माझ्या आमटीलाही रिवर्क देणार का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "लोणचें आधीं वाढून घेतलें, पण खात नाहीं. बाजूस ठेवलें आहे."

"शेवटच्या घासाला लागतं मला. लहानपणापासूनची सवय."

"सवय," ते म्हणाले. "जेवायची एकेकाची सवय असते, नाहीं?"

आणि उठून निघून गेले. चार्जरच्या दुकानाकडे नव्हे, घरी.

दुसऱ्या दिवशी रविवारी ते बोलवायला आले. आंघोळ झालेली, धुतलेली वेष्टी नेसलेली, कपाळावर गंध. "साक्षीला चला," म्हणाले. "शेवटच्या तपासणीस दोन माणसें लागतात." मी गेले. पुढचं दार उघडंच ठेवलं.

त्यांनी खेळ सुरू केला. घंटा वाजली. तो माणूस कोट घालून, बूट घालून घरात शिरला. या वेळी त्यांनी टेबलाला हात लावला नाही. माणसाला चालवत स्वयंपाकघराच्या दाराशी आणला आणि थांबवला. "बूट आहेत," ते पुटपुटले. मला उद्देशून नव्हे. मग त्यांनी बटण दाबलं.

दार उघडलं. आत ती बाई जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून, एकटी. समोर पितळी पातेलं होतं. पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात ती पातेल्यातूनच जेवत होती. लोणचं एका उपड्या झाकणावर वाढून घेतलेलं. तिने वर पाहिलं. उठली नाही, दचकली नाही. पातेलं जरासं बाजूला सरकवलं आणि जागा केली. तो माणूस कोटासकट, बुटांसकट तिच्याजवळ जमिनीवर बसला. रात्र झालीच नाही. पडदा उजळला आणि नावं येऊ लागली, पहिलं सगुणाचं.

राव सार नावं वाचत नव्हते.

"झाकणावर," ते म्हणाले. मग म्हणाले, "मज माहीत नव्हतें. सगुणाच्या आईस मी जेवतांना पाहिलें नाहीं. एकदांही नाहीं. माझें ताट उचललें कीं ती आंत जायची आणि दार लोटायची. मी बाहेर पेपर वाचत असें. सगुणा आंत असायची. तिनें पाहिलें."

मी चारचौघांत रडणारी बाई नाही. बँकेत माझ्या तोंडाला लोक घाबरतात. पण तिथे मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, की ती इतकी वर्षं दाराआड काय जेवली असेल, आणि एका भिंतीच्या अंतरावर या माणसाला ते कळूही नये.

पडद्यावर प्रश्न आला: खेळ कसा वाटला, आपलं मत द्या. खाली पाच रिकाम्या चांदण्या. राव सारांनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं नाही.

त्यांनी फोन उचलून मुलीला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे दुपारची कॉफीची वेळ, म्हणजे तिच्याकडे जेवणाची. बराच वेळ वाजल्यावर तिचा चेहरा आला. राव सारांच्या भिंतीवर तिचा जुना फोटो होता, त्यातली मुलगी नव्हती ही, केस पांढरे व्हायला लागलेली बाई होती.

"अप्पा. संपला?"

"संपला."

मग तिने विचारलं, आणि तिचा आवाज तपासणी अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसासारखा होता, "मग? काय मत?"

मी डोळे पुसून मनाची तयारी केली. आता बूट निघणार, बाटली निघणार, डाव्या हाताचं स्वयंपाकघर निघणार. राव सारांनी घसा खाकरला.

"सगुणा, जेवलीस का?"

मला वाटलं फोन अडकला. मग ती म्हणाली, "नाहीं अप्पा. आतां बसणार होतें."

"मग जेव. फोन ठेवूं नको. तूं जेव, मी पाहतों."

फोन तसाच हातात धरून ते उठले. स्वयंपाकघराचं दार इतके दिवस बंद राहून फुगलं होतं, त्यांनी खांद्याने ढकललं. आत जाऊन त्यांनी फोन एका डब्याला टेकून उभा केला आणि गुडघ्यावर हात ठेवत हळूच जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून. तिकडे ताट ठेवल्याचा आवाज आला. राव सार नुसते पाहत होते.